रुमाल

पंक्चरच्या सोल्युशनचा वास
दोनदा धुतला तरी जात नाही,
हे मला नववीतल्या भावाच्या रुमालानं शिकवलं.

आईला सांगितलं नाही.
आईचं डोकं महिनाभर दुखत होतं,
आणि दुखत नसे तेव्हा ती
काकांशी भांडत असे
विट्यातल्या त्या एका खोलीच्या स्लॅबवरून.

पप्पा सेलमला. गलाईचं दुकान.
सोनं चिमटीत धरून सांगतात म्हणे
यात तांबं किती.
रविवारी रात्री नऊला व्हिडिओ कॉल.
"प्रज्योत, अभ्यास?"
"चाललाय."
"पैसे पोचले?"
"हो."
"आईला दे."
मी मोजायचे. याच्या पुढचं वाक्य
कधी रेंज खायची,
कधी भट्टी.

तिसरीत होता तेव्हा तो
काकांच्या माव्याची पुडी आणायला पळायचा.
उरलेल्या दोन रुपयांचं चॉकलेट.
"वाघ हाय आमचा, गेला का आलाच!"
घरातलं तेवढंच एक कौतुक.
तेव्हा मीही हसले होते.

रुमाल मी उघड्या दोरीवर टाकत नसे,
माझ्या ओढणीखाली वाळवायचे.
म्हणजे मीही त्यात होतेच.

मग एका दुपारी मायणी रोडला,
बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमागं
तो भिंतीला टेकून बसलेला.
ओठांभोवती पांढरट कड.
मला बघून हसला,
माझ्या मागं कुणी उभं असल्यासारखा.

गाडीवर मागं बसवला,
ओढणीनं कमरेशी बांधून घेतला,
लहानपणी आई बांधायची तसा.
स्पीड ब्रेकरवर त्याची हनुवटी पाठीत रुतायची.
नाक्यापाशी म्हणाला,
"पप्पांना सांगू नको. ते येतील."

भीती होती का ती?
घरापर्यंत मी तेच एक वाक्य
उलटंसुलटं करून बघत आले.

सांगितलं.
दोन रात्री बसमध्ये काढून पप्पा आले.
शर्टाला ॲसिडचा वास, बोटं पिवळी पडलेली.
काका ओट्यावरून म्हणाले,
"चार ठिवून द्या, सरळ येतंय."
तोंडात मावा होता.

पप्पांनी हात उचलला नाही.
रुमाल नाकाशी नेला, बराच वेळ.
मग घडी घालून खिशात ठेवला,
जसा कुणाचा तरी दागिना.

रात्री झोपलेल्या प्रज्योतच्या पायाशी
कॉटच्या कडेवर अवघडून बसले,
पाहुण्यासारखे.
आणि मला हळूच विचारलं,
"ह्याला जेवायला काय आवडतं गं?"

आई स्वयंपाकघरात थांबली, हातात पळी.
मला येत होतं उत्तर.
पण तोंडातून निघेना पटकन.