फेब्रुवारीपर्यंत

दाल्काउएच्या धक्क्यामागे
एरास्मो कार्कामोची होड्यांची शेड होती.
आता तिथे सॅमन कंपनीची निळी पिंपं आहेत,
कोपऱ्यात मी
आणि माझ्या तीन गोण्या.
एकीत सिप्रेस: पिवळं, हाताला दोन दिवस वास सोडत नाही.
दुसरीत आलेर्से, पाडलेल्या घरांची लाकडी कौलं,
पिढ्यान्‌पिढ्या भिजून राखाडी झालेली,
पण रंध्याचा एक हात फिरवला
की आतून तांबूस,
खरचटलेल्या गुडघ्यासारखी.
तिसऱ्या गोणीचं नाव 'बघू'.
तिच्यात काय आहे मलाही नीट ठाऊक नाही.

आलेर्से तोडायला आता बंदी आहे.
बरंच झालं,
आमचं तोडून झाल्यावर आली, एवढंच.
मी झाड मागत नाही.
कुणी घर पाडतंय असं कळलं की सायकल काढतो;
ते चुलीत जायच्या आधी पोचायचं,
हा माझा धंदा.

खिळे आधी काढावे लागतात.
एरास्मो म्हणायचा, खिळा ओढू नकोस, त्याला समजाव.
तीस वर्षं त्याच्या हाताखाली
मी खिळ्यांना समजावलं.
बायकोला समजावणं जमलं नाही, ती पुंता अरेनासला गेली.

होडीत पाणी आत येऊ द्यायचं नाही,
पेटीतलं काही बाहेर जाऊ द्यायचं नाही,
सांधा तोच:
हे मी पर्यटकांना सांगतो, ते वहीत लिहून घेतात.
खरं म्हणजे सहा फळ्या, सरस,
आणि बाहेर पडणारा पाऊस.

मार्चच्या शेवटी एदुविना नाउएल्कीन आली.
एक वीत लांब, म्हणाली, चार बोटं उंच.
आत काय ठेवणार ते सुतारानं विचारायचं नसतं.
मी एवढंच विचारलं,
वीत तुमची की माझी?
तिनं बाकावर पंजा पसरला.
मी त्याच्याभोवती पेन्सिल फिरवली.
अंगठ्याचं नख काळं होतं,
शिंपले काढणाऱ्यांचं असतं तसं.

झाकणासाठी 'बघू'त हात घातला
तर होडीची फळी आली,
निळ्या रंगाचे पोपडे, एक खिळ्याचं भोक,
आणि पांढऱ्या रंगात अर्धं अक्षर.
अक्षर माझंच. गोलाई मला कधी जमली नाही.
होडी कुणाची होती ते आठवत नाही,
म्हणजे आठवतं.
ते अंग मी आत घेतलं. तासलं नाही. भोक बुजवलं नाही.
वरच्या बाजूला आमच्या घरांच्या भिंतींसारखे खवले:
सिप्रेस, आलेर्से, मध्येच काळपट लूमा,
नखाएवढे एकशे बारा तुकडे.
एक उलटा बसलाय.
कुठला, ते सांगणार नाही.

जुलैत ती पेटी घेऊन परत आली.
गमबुटांतून पाणी ठिबकत होतं.
"उघडत नाही."
मी झाकणाला अंगठा लावून पाहिला.
"लाकूड पाणी पितं," म्हणालो, "मेल्यावरसुद्धा.
द्या, कड जराशी तासतो. दोन मिनिटांचं काम."
तिनं पेटी बाकावर ठेवली,
पण तिच्यावरचा हात उचलला नाही.
बरोबर त्याच जागी, जिथे माझी पेन्सिल फिरली होती.
"नाही तासली तर?
आपोआप कधी उघडेल?"
"फेब्रुवारीत.
ऊन बरं पडलं तर जानेवारीअखेर."
तिनं काहीतरी मोजलं, ओठ हलले.
पत्र्यावरचा आवाज मध्येच थांबला, मग परत सुरू झाला.
"मग राहू दे," ती म्हणाली.
"तोवर बरं आहे."

जाताना जांभळ्या बटाट्यांची पिशवी ठेवून गेली,
न केलेल्या कामाची मजुरी.
चिखलात तिचे बूट खूप वेळ ऐकू येत होते.

संध्याकाळी मी 'बघू' उपडी केली.
त्याच निळ्याच्या आणखी दोन फळ्या निघाल्या.
पाहिल्या, भुसा झटकला,
परत आत टाकल्या
आणि बटाटे उकडायला ठेवले.