मूठभर

कुताइसी. रिओनी नदीच्या अलीकडचं तळघर.
वर तुझ्या बापाची पावभट्टी,
त्यामुळे माझं छत पहाटेपासून कोमट,
शेगडीचा खर्च वाचतो.

तोर्निके, तू आलास तेव्हा आधी फोन काढलास.
पडद्यावर एक तेल चोपडलेला माणूस,
पोटावर आठ विटा,
दंडावर निळ्या शिरांचं जाळं.
म्हणालास, एतेरी मावशी, असा. जुलैपर्यंत.
मित्रांबरोबर बातुमीला जायचंय, समुद्रावर.

मार्च होता.
हसले नाही मी. शिवणकामातली टेप आणली.
वजन एकसष्ट, कंबर ब्याऐंशी, दंड एकोणतीस.
वहीत पेन्सिलीनं लिहिलं.
पेननं मी फक्त उधारी लिहिते.

मग तुला आकडे सांगितले:
वर्षात चार किलो. झोपलास तर.
दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्मे,
आणि तिसऱ्या वर्षी तू मोजणं सोडशील
नाहीतर मला.
तुझं तोंड एवढंसं झालं.
फोनमधला माणूस मात्र तसाच हसत होता,
त्याला कुठं झोपायचं होतं?

लोबियो खा म्हटलं, अंडी खा, दही खा.
पाव सोडू नकोस, बापाला काय वाटेल,
पण अर्धा.
जेवलेलं अंगी लागायला वेळ लागतो, पोरा.
घाईनं फक्त ढेकर येतात.

कोपऱ्यातून कुणीतरी तुला बाटलीचं नाव सांगितलं,
ते मी ऐकलं.
त्या दिवशी तुला वर पाठवलं नाही.
बाकावर बसवलं.

मी एकोणीस वर्षांची होते, गोळाफेकीच्या संघात.
डॉक्टरांनी निळ्या गोळ्या दिल्या,
जीवनसत्त्वं, म्हणाले.
दोन महिन्यांत गोळा दीड मीटर पुढं पडू लागला
आणि मी आरशासमोरून हलेना.
मग एका रविवारी गावी फोन केला.
आईनं विचारलं, कोण बोलतंय?
म्हटलं, मी.
आई म्हणाली, मी कोण, भाऊ?
गोळा जिथं पडला तिथं फुटपट्टी लावायला माणसं होती.
आवाज कुठं पडला, ते अजून कुणी मोजलेलं नाही.

तू काही बोलला नाहीस. बूट बांधलेस.

जुलैत बातुमीला गेलास,
समुद्रातसुद्धा सदरा घालून उतरलास,
हे मला तुझ्या मित्राकडून कळलं.
ऑगस्टभर आला नाहीस.
सप्टेंबरात आलास तेव्हा फोन खिशातच होता.

मग हिवाळा. चाळीस किलोवर अडकलेला बार.
एक्केचाळीस. परत चाळीस. ताप. साडेएक्केचाळीस.
कुणी चित्र काढावं असं त्यात काही नाही.

आज पुन्हा मार्च.
वजन साडेचौसष्ट, कंबर एकोणऐंशी, दंड एकतीस.
एवढंच? म्हणालास.
चार म्हणाली होतीस.

मी तुला बखोटीला धरून गुरामच्या दुकानात नेलं.
साडेतीन किलो, म्हटलं, बिनहाडाचं.
घ्यायचं नाहीये, फक्त हातात दे पोराच्या.
गुराम माझ्या वेडाला सरावलेला आहे.
तू ते दोन्ही तळव्यांवर धरून उभा राहिलास,
गार, जड, ओघळणारं,
आणि बराच वेळ खाली ठेवलं नाहीस.

परत आलो तर भट्टीच्या दारात पिठाची गाडी.
तुझा बाप पोत्याखाली वाकत होता,
तीस वर्षं तंदुरात वाकून वाकून
त्याची पाठ आधीच त्या आकाराची.
तू न सांगता पोतं घेतलंस.
मग दुसरं.
मग चौथं, तेव्हा सदरा खांद्यात उसवला.
बाप काही बोलला नाही.
पांढरे हात ॲप्रनला पुसत राहिला, कोरडे होते तरी.

मूठभर मांस चढलं,
तुझ्या नव्हे, त्याच्या अंगावर.
तेवढं मी वहीत लिहिलं नाही.
कुठल्या रकान्यात लिहिणार?

पुढच्या पानावर दोन किलो लिहिलेत. पेन्सिलीनंच.
सदरा आण, शिवून देते.
आणि सोमवारी ये,
पायांचा दिवस आहे, नेमका तोच चुकवतोस.