तिसरी किल्ली

पेटी पत्र्याची, कुलपं तीन.
पहिली किल्ली एनेलेसीकडे, दुसरी आबिती कासिमूकडे,
तिसरी माझ्या गळ्यात, सुतळीत ओवलेली.
झोपेत कूस बदलली की टोचते.
टोचू दे. टोचते म्हणजे पैसे आहेत.

दर गुरुवारी एनेलेसीच्या ओसरीवर
आम्ही अठराजणी बसतो.
याला म्हणतातच ओसरीची बँक.
मॅनेजर नाही, पंखा नाही,
काचेपलीकडून 'उद्या या' म्हणणारं कोणी नाही.
उशिरा आलीस, पन्नास क्वाचा दंड.
दुसरीची उणीदुणी काढलीस, शंभर.
या दंडातूनच गेल्या साली बालवाडीचं छप्पर झालं,
म्हणजे उणीदुणी आम्ही किती काढतो ते बघा.

चिल्वा तळं आटलं त्या वर्षी
मासे गेले, माशांमागे पुरुष गेले,
आणि ज्या बाया तापाने गेल्या
त्यांची मुलं मागे राहिली.
मसाउत्सो त्यातलाच. नावाचा अर्थच हालअपेष्टा.
आईने ठेवलेलं, बाळंतपणाच्या रागात असेल.
चौदाव्या वर्षी तो दोन बहिणींचा बाप झाला.

झोम्ब्याहून एक बाई आल्या, पांढऱ्या गाडीतून.
म्हणाल्या, तिघांनाही वसतिगृहात नेऊ, पलंग आहेत.
आबिती कासिमू शेंगा सोलत होती.
मान वर न करता म्हणाली,
"भिंत पडली तर भिंत लिंपतात, की माणसं हलवतात?"

मग आम्ही लिंपली.
सांगताना एका शब्दात होते;
खरी नऊ दिवस चालली,
चिखल तुडवताना दोघी भांडल्या, दंड भरला.
बांधाला तूर लावली. दाणे पोटाला, काटक्या चुलीला.
आणि पेटीतून एक शेळी.

शेळी फुकट नसते.
पहिलं मादी करडू पुढच्या घराला द्यायचं,
साठ दिवसांत, असं छापील पुस्तकात होतं.
पुस्तक शहरातलं.

एकसष्टाव्या दिवशी करडू नाही.
"तरसाने नेलं," मसाउत्सो म्हणाला,
पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत.
ओसरीवर गलका उठला. चोर. लबाड.
'परक्याचं पोर ते, किती केलं तरी'
हे मी म्हणाले. हो, मीच.

रात्री गेले त्याच्याकडे,
तरसाचा माग बघायला, असं स्वतःला सांगत.
कणगीखाली दिवा नव्हता. आवाज होता,
लुचण्याचा.
तो शेळीचे कान कुरवाळत बसला होता
आणि करडू कासेला ढुशा देत होतं.
मला बघून उठला नाही.
"अजून पितंय," म्हणाला.
मग बऱ्याच वेळाने,
"तामांदानी सात महिन्यांची होती.
रात्रभर माझा दंड चोखायची."

त्या रात्री किल्ली टोचली नाही,
मी उताणीच पडून होते.

गुरुवारी तीन तास वाद.
एनेलेसी म्हणाली, नियम म्हणजे नियम.
आबिती कासिमू म्हणाली,
हा नियम ज्याने केला त्याने शेळी पाळली होती का?
कोणीतरी हसलं. कोणीतरी रडलं, पण ते वेगळ्याच कारणाने.
शेवटी साठवर काट मारली
आणि वर लिहिलं, पिणं सुटेपर्यंत.
अक्षर मसाउत्सोचं, कारण आमच्यात बरं अक्षर त्याचंच.
खोटं बोलल्याबद्दल दंड शंभर. तोही त्यानेच लिहिला.
खाली माझं नाव, शंभर. कशाबद्दल ते
त्याने विचारलं. मी सांगितलं.
त्याने लिहिलं, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली,
वही मिटली.

तुरीच्या शेंगा वाजू लागल्या तेव्हा
करडू पाला ओरबाडत होतं.
तो स्वतः घेऊन गेला, ओढ्यापलीकडे,
लिगिनेतीच्या पोरक्या नातवंडांकडे.
संध्याकाळी परतला, हातात नुसती दोरी.
"दोरी पण द्यायची ना रे," मी म्हटलं.
कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा,
तो दोरी गुंडाळत राहिला.
"लागेल," म्हणाला. "शेळी गाभण आहे."