पहाटे तीन दहा

दूध संघाची दहा दिवसांची बिलं
रात्री दीडला सुरू होतात.
विट्याच्या या खोलीत तेव्हा कोणी नसतं.
एसीचं पाणी निळ्या बादलीत ठिबकतं
आणि दोनशे बारा केंद्रांचं फॅट, एसएनएफ, लिटर
अंधारात एकमेकांशी गुणलं जातं.

मी स्क्रिप्टला सांगून ठेवलं होतं :
लॉगमध्ये एरर दिसला की मेल धाड,
एक मला, एक खराडे साहेबांना.
नाहीतर गप्प बस.
पहिल्या आठवड्यात तिनं एकशे चाळीस मेल धाडल्या.
‘एरर : शून्य’ या ओळीतलाही
एरर तेवढा तिला दिसायचा.
साहेबांनी तिच्यासाठी वेगळा फोल्डर केला
आणि तो उघडणं सोडून दिलं.
मी तिला शून्य शिकवलं. मग ती खरंच गप्प झाली.
मला वाटलं, शहाणी झाली.

चैत्रात एका रात्री डिस्क भरली.
एरर लिहायलासुद्धा जागा उरली नाही.
लॉग मधेच तुटलेला :
‘केंद्र ८७, सभासद क्रमांक’
आणि पुढे काहीच नाही.
मेल आली नाही.
मी छान झोपले.

सकाळी काउंटरवर ताराबाई लोहार,
प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक.
भांडल्या नाहीत.
‘बिल शून्य पडलंय,’ म्हणाल्या,
‘म्हशीनं तर दिलंय.’

गेटवर बाबालाल मुलाणी चहा ओतत होते.
तीस वर्षं रात्रपाळी, तासाला एक शिट्टी.
त्यांना काय सांगणार डिस्कचं, तरी सांगितलं.
बशी फुंकत म्हणाले,
‘ताई, चोर आल्यावर शिट्टी मारायची, हे कुणीबी सांगंल.
पर मी चोर नसताना मारतो.
शिट्टी ऐकू आली की क्वार्टरमधली माणसं कूस बदलून झोपत्यात.
न्हाई आली, तर उठून बसत्यात.’

त्याच दुपारी मी सगळं उलटं बांधलं.
आता बिलं नीट झाली तरच मेल येते,
तीन दहाला, दोन शब्दांची :
‘झालं. दोनशे बारा.’
साडेतीनपर्यंत ती पोचली नाही,
तर सांगलीच्या ऑफिसातलं दुसरं मशीन
माझा फोन वाजवतं.
पहिलं मशीन पडलं, वीज गेली, केबल उंदरानं कुरतडली,
काहीही होवो,
मुकेपणाला आता कोणी ठीक आहे म्हणत नाही.

तीन दहाला उशीशी उजेड होतो.
मी न वाचताच कूस बदलते.

काल मेल वेळेवर आली.
झालं. दोनशे बारा.
मी पडून राहिले, कशाची तरी वाट बघत.
चार वाजले.
चार वाजून पाच.
क्वार्टरमध्ये एकेक दिवा लागत गेला.
मी बॅटरी घेतली,
चपला शोधल्या
आणि गेटकडे निघाले.