तिसरी उकळी

मामंजी सांगतात, बर्नोला होतो सहा महिने,
बिनधोट्याचे माग शिकायला.
माग आले, मिलमध्ये बसले,
मग मिलच बसली.
उरली ती जिभेच्या मागे
एक कडवट, सोनेरी जागा,
बेचाळीस वर्षं रिकामी.

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते.
म्हटलं, करून बघू.

जव मोरावियाचे, मोड आणून सुकवलेले,
फुलं साझची, हिरवट, हवाबंद पाकिटात,
यीस्ट प्लझेनचं, एवढीशी पुडी,
तिचं भाडं माझ्या कानातल्यांपेक्षा जास्त.
मामंजींचा हट्ट: सगळं तिथलंच.
आणि पाणी?
ते गप्प.
पाणी सुदामानगरचं, एक दिवसाआड येणारं,
जलूदहून विंध्य चढून आलेली नर्मदा,
आमच्या बादल्यांना पांढरी कड लावणारी.
तिथलं म्हणे मऊ, जवळजवळ काहीच नसलेलं.
आरओच्या नळाखाली पातेली लावली
आणि रात्रभर, थेंबाथेंबानं,
नर्मदेला तिचं नाव विसरायला लावलं.

चक्कीवर जमनाभियानं विचारलं,
"दलिया बनेगा क्या, मॅडम?"
म्हटलं, तसंच काहीसं. भरड ठेवा, पीठ नको.

सासूबाईंनी पितळी पातेलं दिलं नाही.
"त्यात पुरण शिजतं," एवढंच म्हणाल्या.
मग बर्तन बाजारातून स्टीलचं आणलं, चाळीस लिटरचं,
रिक्षात माझ्या मांडीवर बसून आलं.

एक तृतीयांश काढायचं, वेगळं उकळायचं,
परत ओतायचं, की सगळ्याचाच ताप चढतो.
पुन्हा काढायचं. पुन्हा.
थर्मामीटर आहे ना घरात, मी म्हटलं.
"ही थर्मामीटर नव्हता तेव्हाची रीत आहे,"
मामंजी ढवळत म्हणाले, "घाई असेल तर तू जा."
तिसऱ्या उकळीला बुडाशी जरा लागलं
आणि घरभर वास सुटला
भाजणीचा.
सासूबाई देवघरातून उठून आल्या,
उलथनं हातातून काढून घेतलं.
"तळ धरून ढवळावं. एवढंही कळत नाही?"
फुलंही मग त्यांनीच टाकली,
आणि बराच वेळ
आपलाच तळहात हुंगत राहिल्या.

जुन्या फ्रिजमध्ये नऊ अंशांवर ठेवलं.
बाराव्या दिवशी चमचाभर चाखलं: तूप.
छान कढवलेलं तूप, पण बिअरमध्ये.
मामंजी काही बोलले नाहीत.
जेवले नाहीत.
त्या रात्री ट्रान्सफॉर्मर उडाला.
एप्रिल. चौदा तास.
आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे ते
फ्रिजला पाठ टेकून बसून राहिले,
आतला काटा नऊ, अकरा, चौदा, सोळा.
मेणबत्ती लावून मी पुस्तक काढलं:
थोडी ऊब मिळाली की यीस्ट
आपणच सांडलेलं निपटून खातं.
वाचून दाखवलं नाही. खरं निघेपर्यंत
कशाला.

खरं निघालं.

मग नऊ आठवडे थंडी.
आंबे आले, गेले,
फ्रिजमध्ये जागा नाही म्हणून वाडगाभर रस आंबला,
त्याचा दोष अजून माझ्याकडे आहे.

रविवार. काचेचे पेले, लवंगेची शेव.
मामंजींनी फेस वरच्या ओठाला लागू दिला,
डोळे मिटले.
मी बर्नोची वाट पाहिली.
"नाही," म्हणाले. "हे ते नाही."
आणखी एक घोट.
"पाणी. पाणी नर्मदेचं लागतंय."

त्या पाण्यात काही उरलं नव्हतं.
मीच मोजलं होतं, शाळेचा मीटर घरी आणून.
बोलले नाही.
सासूबाईंनी माझ्या पेल्यात करंगळी बुडवली, चाखली.
"मेथीसारखं आहे. कारल्यासारखं नाही."

मामंजींनी रिकामा पेला
पुढे केला.