नागपूर, मे, फ्लास्क क्रमांक दोन

हेडाऊकाकांनी काचेची नळी ज्योतीत फिरवली,
मऊ झाली तशी ओठांना लावली,
आणि मध्येच थांबून म्हणाले,
'पोरी, आत जिवंत काहीच नको म्हनतं,
त् मंग फुगवू कशानं? श्वास त् माहाच हाय.'

मी म्हटलं, काका, नंतर भट्टीत तापवू,
जे असेल ते जळून जाईल.
'श्वास जळते का?' त्यांनी विचारलं,
आणि फुंकलं.

कॉलेजचं तळघर. बाहेर सेहेचाळीस.
खिडकीतला कूलर गारव्यापेक्षा आवाजच जास्त द्यायचा.
सरांना पृथ्वीचं पहिलं आकाश हवं होतं:
अमोनिया, मिथेन, हायड्रोजन,
खाली उकळतं पाणी,
आणि वीज, आठवडाभर, न थांबता.
आकाशाला मंजूर रक्कम सातशे चाळीस रुपये.

कॉइल आणली मोमीनपुऱ्यातून,
मोडीत निघालेल्या अँबॅसॅडरची.
टंगस्टनच्या दोन तारा काकांनी काचेत बसवल्या,
बाप मागावर तुटला धागा जोडायचा तशा,
बोटालासुद्धा गाठ लागू नये.

मिथेन शेणाच्या गॅसचा नको, सर म्हणाले,
त्यात गाय आली.
म्हणून ॲसिटेट तापवलं.
ते मळीच्या अल्कोहोलचं, मळी उसाची.
ऊस आला.
वीज कोराडीची, कोराडीत दगडी कोळसा,
कोळशात कोट्यवधी वर्षं निजलेली दलदलीतली झाडं.
म्हणजे आमच्या त्या ओसाड आकाशात
कडाडत होतं ते जंगलच.
पाणी गोरेवाड्याचं. तीनदा डिस्टिल केलं,
तरी मला त्यात मासा दिसे.
एवढ्या मोठ्या गावात
मूठभर निर्जीव काही मिळेना.

पहिल्या दिवशी काहीच नाही.
तिसऱ्या दिवशी पाणी पिवळट.
चौथ्या दिवशी दोन तास लाइट गेली, सृष्टी थांबली.
काका म्हणाले, 'इंद्राचं बिल थकलं वाटते.'
सहाव्या दिवशी रंग थेट तर्रीचा.

सातव्या रात्री थेंब कागदावर टेकवला,
ब्यूटेनॉलच्या वासात कागद टांगून ठेवला,
सकाळी निनहायड्रिन फवारलं.
ओव्हन लागलाच नाही. खिडकीत धरला, ऊन पुरलं.

जांभळा डाग. ठळक.
सर खुर्चीवरून उठले.

मग भिंग आणलं.
डागाला रेषा होत्या, गोल, एकात एक,
मध्ये भाजल्याची आडवी खूण.

काकांनी आपला अंगठा पाहिला.
कागद टांगायला त्यांनीच धरला होता.
घामातही तेच असतं, सर बसत म्हणाले, अमिनो आम्लं.
'म्हंजे मी हाय त्याच्यात?'
'तुम्हीच आहात.'
काका बराच वेळ गप्प.
'पगाराच्या कागदावर मी सही करतो, सर.
अंगठा माहा बाप लावे.'

पुन्हा सगळं. नवा फ्लास्क.
फुंक त्यांचीच, पण मग काच रात्रभर भट्टीत.
चिमटे, हातमोजे,
हातमोज्यांत मनगटापर्यंत साचलेला घाम
आणि आत त्याचा एक थेंब जाऊ न देण्याची
सगळ्यांची धडपड.

या वेळचा डाग इतका फिका
की मला वाटलं, डोळ्यांतच ऊन साठलंय.
रेषा नाहीत. धड कडासुद्धा नाहीत.
पट्टी लावली: शून्य दशांश सव्वीस.
ग्लायसीन.
त्या कुळातलं सगळ्यांत लहान,
ज्याला डावं-उजवंही कळत नाही.

टाळी कोणीच वाजवली नाही.
सर चष्मा पुसत राहिले, स्वच्छ होता तरी.
काका कागदावर वाकले,
दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून,
आणि पाहत राहिले, पाहत राहिले.

'आन् हा कोनाचा अंगठा?'

कूलरमधलं पाणी संपलं होतं.
मी बादली घेऊन नळावर गेले.