कोनाची हाये

पहिल्या फोटोत अंगठा.
दुसऱ्यात ऐनाचं पान, अर्धं खाल्लेलं,
आणि उडून जाणारा एक करडा डाग.
तिसऱ्यात माशी आहे, पण चपलेनं मारलेली,
शेजारी मापाला बिडीचं थोटूक.
खाली रेवनाथ नान्हेंचा आवाज, सहा सेकंद:
'मॅडम, हे कोनाची हाये?'

आरमोरीच्या ऑफिसात मी काचेवर दोन बोटं फाकवते.
माशी मोठी होते,
मग चौकोन चौकोन,
मग नुसती राख.
मला हवी असते पंखातली एकच शीर,
टोकाशी येऊन गाडीवाटेसारखी अचानक वळणारी.
पाठीवरच्या चार काळ्या रेघा,
पोटावरचे राठ केस, कुठले उभे, कुठले निजलेले.
चपलेखाली यातलं काही उरत नाही.

मी लिहिते: बाजूनं काढा.
पहाटे काढा, गारठलेली असते.
आधी मारू नका.

'बसली का अंडं घालते ते.
हाकलू का फोटू काढू, तुमीच सांगा.'

चौथा सलोनीनं काढलाय, त्यांच्या नातीनं.
त्यात माशीच नाही.
हिरवी कोशाची अळी, बोटाएवढी,
आणि तिच्या कुशीवर खसखशीएवढं पांढरं,
इतकं स्वच्छ
की मी माशी न बघता तिचं नाव लिहिलं: उझी.
अळी पान खात होती.
फोटोतही खातच होती.

दोन निळ्या खुणा.
मग कार्तिक संपेपर्यंत काही नाही.
त्या वर्षी किती कोसे पोकळ निघाले
ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

पौषात पाचवा आला.
धानाच्या बांधीचा धुरा, धुऱ्यावर तूर,
शेंगेवर माशी. बाजूनं. दव पडलेलं.
पंख पसरलेला, शीर वळलेली,
पुस्तकात छापावा असा.

तेच कूळ.
कुळापर्यंत जाता येतं फोटोवरून,
जात विचारू नये, चुकायला होतं.
पण या कुळातल्या काही शेंगअळीच्या पोटात
आपली पोरं वाढवतात,
ऐनाकडे फिरकतही नाहीत.

'मॅडम, मारू?'
मागे सलोनी कुजबुजतेय, आजा, थांब ना.

मी लिहिलं, नका. ही तुमची आहे.
पाठवायच्या आधी पुन्हा वाचलं
आणि शेवटी जोडलं,
बहुतेक.